समुद्री फिश टँकमधले मासे का मरतायत? मोबाईल हातात घेऊन कारण कसं शोधायचं

गोड्या पाण्याच्या टाकीत मासा मेला तर बहुतेक वेळा कारण लगेच सापडतं. जास्त खाणं टाकलेलं असतं, नाहीतर फिल्टर बंद पडलेला असतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र सगळं ठीक दिसत असताना, पाणी काचेसारखं स्वच्छ असताना, एकेक जीव जातो आणि समजत काहीच नाही. दुकानदाराला विचारलं तर तो एक बाटली औषध देतो. इंटरनेटवर विचारलं तर दहा जण दहा कारणं सांगतात. या लेखात आपण ते कारण क्रमाने शोधायचं कसं ते पाहू. त्यासाठी लागणारी निम्मी साधनं तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहेत.

उदाहरणासाठी मी खोडाळ्यातली एक टाकी घेतोय. माझ्या आतेभावाची. तो मोखाडा तालुक्यातल्या या बाजाराच्या गावी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने १८० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवलीय. डोंगरात समुद्र कशाला, असं लोक त्याला विचारतात. तसा आमचा पालघर जिल्हा गमतीदारच आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला तेव्हा एका टोकाला डहाणूचा किनारा आणि दुसऱ्या टोकाला वैतरणेचं डोंगराळ खोरं, असे दोन्ही त्याच्या वाट्याला आले. पण जव्हारचा घाट ओलांडून कोणी समुद्राचं पाणी आणत नाही. पाकिटातलं समुद्री मीठ शुद्ध पाण्यात कालवून पाणी तयार करायचं, हीच सगळीकडची पद्धत. लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास.

दहा महिने टाकी उत्तम चालली होती. एप्रिलच्या शेवटी त्यातल्या दोन कोळंब्या गेल्या, मे उजाडताच गोगलगायी, मग एक निळा डॅमसेल. उरले दोन क्लाऊनफिश, तेही कोपऱ्यात. तेव्हा त्याचा फोन आला, "दादा, टाकी बंद करू का? विकून टाकतो सामान." सामान विकलं असतं तर दोन क्लाऊनफिशचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मासा मेला, आता पहिल्या पंधरा मिनिटांत काय?

मेलेला मासा आधी बाहेर काढा, कारण कुजायला लागला की तोच अमोनिया सोडतो आणि मग मूळ कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे कळेनासं होतं. फेकू मात्र नका. पांढऱ्या ताटलीत ठेवून दोन्ही बाजूंचे, कल्ल्यांचे आणि पोटाचे फोटो काढा. कल्ल्याचं झाकण बोटाने हळूच उचला. निरोगी कल्ले लालबुंद असतात. फिकट, चिकट किंवा तपकिरी दिसले तर ती खूण आहे. टाकीच्या निळ्या एलईडीखाली काढलेला फोटो मात्र काही कामाचा नाही, कारण त्या उजेडात सगळंच निळं दिसतं. खिडकीपाशी जा.

मग एका स्वच्छ बाटलीत टाकीतलं अर्धा लिटर पाणी भरून झाकण लावा आणि त्यावर तारीख-वेळ लिहा. हे करायचं राहून जातं आणि नंतर पस्तावा होतो. पाणी बदललं की पुरावा गेला. एअर पंप बंद असेल तर चालू करा, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा. बस, इतकंच. घाबरून निम्मं पाणी बदलणं, औषध ओतणं, फिल्टर धुऊन काढणं यातलं काहीही कारण समजेपर्यंत करू नका. अपवाद एकच: अमोनियाची चाचणी केली आणि रंग चढला, तर पाणी बदलायचंच, विचार नंतर.

फोनमधली नोंदवही

माणसाची आठवण फार बेभरवशाची असते. "लाईट गेली त्याच रात्री मासा मेला" असं जो तो ठामपणे सांगतो, आणि फोटोची वेळ पाहिली तर मासा लाईट जायच्या आदल्या दुपारीच आडवा झालेला असतो. म्हणून पहिलं काम नोंद. एक साधी शीट उघडा. तारीख, वेळ, तापमान, क्षारता, पीएच, अमोनिया, नायट्रेट, किती पाणी वरून भरलं, काय खायला घातलं, आणि शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना: "आज घरात काय नवीन?" यात रंगकाम, फवारणी, नवा पंखा, नवीन साबण, पाहुणे, सगळं येतं.

चाचणीच्या नळीचा रंग तक्त्याशी ताडून पाहताना फोनचा कॅमेरा फसवतो. तो स्वतःहून पांढरा रंग दुरुस्त करतो, त्यामुळे हिरवट रंग पिवळा दिसू शकतो. नळी आणि तक्ता एकाच फोटोत, पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या सावलीत घ्या. कागद पांढरा दिसला तरच त्या फोटोवर विश्वास ठेवा. रंग ओळखून आकडा सांगणारी अॅप्स आहेत, पण नुसत्या डोळ्यांपेक्षा ती फार भारी असतात असा माझा अनुभव नाही. त्यांचा उपयोग दोन आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवून बघायला.

माझी आवडती युक्ती स्लो-मोशनची. माशाच्या कल्ल्यांची उघडझाप मोजायची. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, हळू चालवून उघडझापी मोजा, दुप्पट करा. मासा धडधाकट असतानाचा आकडा आधीच लिहून ठेवा, कारण प्रत्येक जातीचा आणि तापमानाचा आकडा वेगळा. आपल्याच माशाचा नेहमीचा आकडा दीडपट झाला तर त्याला श्वास कमी पडतोय, मग तो कितीही नीट खात असो. कल्ल्यांवर हल्ला करणारे परजीवी, अमोनिया, तांबं, ऑक्सिजनची कमतरता, या सगळ्यांची पहिली खूण इथेच दिसते. अंगावर काही उमटायच्या आधी.

जुना अँड्रॉइड फोन पडून असेल तर त्याला विजेचा पहारेकरी करा. टाकीच्याच बोर्डावर चार्जिंगला लावा आणि एखाद्या ऑटोमेशन अॅपमध्ये नियम बनवा: चार्जर निघाला की वेळ फाईलमध्ये लिही आणि माझ्या नंबरवर एसएमएस टाक, परत आला की पुन्हा लिही. वायफायवर विसंबू नका, लाईट गेली की राउटरही गेला. सिमकार्ड टाका. आमच्याकडे तर वीज फार वेळ गेली की मोबाईल टॉवरही मान टाकतो, म्हणून फोनमधली स्थानिक नोंद जास्त महत्त्वाची. मेसेज आला नाही तरी ती राहते. कायम चार्जिंगवर असलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगू शकते. महिन्यातून एकदा मागचं झाकण हाताने चाचपून पाहा, आणि तो फोन पडद्याजवळ किंवा गादीवर ठेवू नका.

खोडाळ्यातल्या टाकीबद्दल सगळ्यांचा पहिला संशय विजेवरच होता. उन्हाळा, वीज ये-जा करणारी, खोलीवर पत्रा. पण पहारेकरी फोनच्या फाईलमध्ये एप्रिल-मेमधला सर्वात लांब खंड दोन तासांचा निघाला, तोही भर दुपारी, आणि त्यानंतरचे चार दिवस एकही जीव गेला नव्हता. वीज सुटली. निदान खुनाच्या आरोपातून.

कोण आधी मेलं?

याचं उत्तर लिहून काढलं की निम्म्याहून अधिक शक्यता गळून पडतात.

सगळे एकाच रात्री गेले, सकाळी तोंड उघडं, कल्ले पसरलेले: ऑक्सिजन. खाऱ्या पाण्यात मुळातच तो कमी विरघळतो. २८ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम ६.४. पाणी जसं तापतं तसा तोही घटतो, आणि रात्री शेवाळ उलट ऑक्सिजन खायला लागतं. मोठे मासे आधी जातात, छोटे आणि कोळंब्या बऱ्याचदा तग धरतात. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल. उपाय म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. वीज गेली की आपोआप सुरू होणारे मिळतात. संपूर्ण टाकीला इन्व्हर्टर देण्याची गरज नाही. एक छोटा पंप इन्व्हर्टरवर ठेवला तरी बहुतेक रात्री निघतात.

टाकी नवी, दोन महिन्यांच्या आतली, किंवा नुकतेच एकदम चार-पाच मासे सोडलेत: अमोनिया. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया निघतो. त्याला आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट बनवणारे जिवाणू दगड-वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. खाऱ्या पाण्यात अमोनिया जास्त घातक ठरतो, कारण तिथला पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि पीएच वाढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. पीएच ७ च्या पाण्याच्या तुलनेत तेवढ्याच अमोनियाचा विषारी हिस्सा ८.२ ला सुमारे पंधरापट असतो. नायट्राईटची भीती मात्र इथे कमी. पाण्यातलं क्लोराईड माशाला त्यापासून बरंच वाचवतं. गोड्या पाण्यावाल्यांचे सल्ले जसेच्या तसे उचलू नका, ते यासाठीच.

नवा मासा आणला आणि पाच ते पंधरा दिवसांत एकेक करून सगळे मासे गेले, पण कोळंब्या, खेकडे, गोगलगायी ठणठणीत: रोग. मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके असतील तर समुद्री इक. अंगावर सोनेरी-राखाडी धुरळा, आणि मासा पावरहेडच्या झोतासमोर तोंड करून उभा, तर व्हेल्वेट. व्हेल्वेट भयंकर. अनेकदा अंगावर काही दिसायच्या आधीच कल्ले निकामी करून दोन-तीन दिवसांत मासा नेतो. फोनचा टॉर्च बाजूने, तिरका धरून पाहिलंत तर धुरळा लवकर दिसतो. दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं, पण ते वेगळ्या टाकीत. मुख्य टाकीत कधीच नाही. का ते पुढे येतंय. आणि मुख्य टाकी अडीच महिने माशांशिवाय ठेवायची, म्हणजे परजीवींना यजमान मिळत नाही. अडीच महिने रिकाम्या टाकीकडे बघत बसणं जिवावर येतं, पण दुसरा सरळ रस्ता नाही.

एकच मासा गेला, पंख फाटलेले, बाकीचे मजेत: मारामारी. डॅमसेल दिसायला बोटभर, स्वभावाने पहिलवान. फोन स्टँडवर लावून दिवे बंद व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासाचा व्हिडिओ घ्या. तुम्ही समोर उभे असता तेव्हा ते भांडत नाहीत, खाण्याची वाट बघत असतात.

आणि शेवटचा क्रम. आधी कोळंब्या, मग गोगलगायी किंवा शंखातले खेकडे, आणि मासे सर्वात शेवटी. रोग असा क्रम घेत नाही. माशांचे परजीवी कोळंबीला हात लावत नाहीत. ऑक्सिजनचा क्रम तर याच्या बरोबर उलटा. क्षारता एकदम घसरली किंवा चढली तरी कोळंबी आधी जाते, ती शक्यता मोजून बाजूला काढायची. ती नसेल तर उरतं एकच: पाण्यात विष आहे.

खोडाळ्यातला क्रम हाच होता.

आकडे देणारी साधनंही खोटं बोलतात

विषाचा शोध घेण्याआधी क्षारता खरंच ठीक आहे ना, हे तपासलं. काटा हलणारा स्वस्तातला हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेला एक बुडबुडाही आकडा वर ढकलतो. टिचकी मारून बुडबुडे काढा, मग वाचा. रिफ्रॅक्टोमीटर चांगला, पण तो शून्यावर म्हणजे शुद्ध पाण्यावर जुळवून भागत नाही. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवायचा. चाचणीच्या किटची मुदत बाटलीच्या बुडाशी छापलेली असते. ती संपली असेल तर "अमोनिया शून्य" याला काही अर्थ नाही. किट चालू आहे का हे बघायचं तर घरातल्या अमोनियायुक्त काच-क्लीनरचा एक थेंब ग्लासभर पाण्यात टाकून ते पाणी तपासा. रंग चढायला हवा. हा प्रयोग टाकीपासून लांब करा आणि हात धुवा.

आतेभावाचे आकडे सगळे चांगले होते. क्षारता ३५, अमोनिया शून्य, तापमान २९. जरा जास्त, पण मारक नाही. पीएच ८.१. टाकीत ओतायच्या पाण्याचा टीडीएस ४५. "दादा, पाणी तर आता पूर्वीपेक्षा चांगलं आहे," तो म्हणाला.

त्या "आता"वर मी अडकलो.

काय बदललं?

दहा महिने नीट चाललेली टाकी बिघडते तेव्हा हाच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर आठवणीतून मागायचं नाही. मी त्याला म्हटलं, गॅलरी उघड, १ एप्रिलपासून पुढे सरकव, टाकीचे नाही, घरातले सगळे फोटो बघ. संशयितांची यादी मी आधीच दिली होती. ती इथेही देतो, कारण यातलं काहीतरी प्रत्येक घरात असतं.

डास मारणारी लिक्विड मशीन, कॉइल आणि स्प्रे. यात पायरेथ्रॉइड वर्गाची कीटकनाशकं असतात. माणसाला फारशी बाधत नाहीत, पण मासे आणि कोळंबीवर्गीय जीव यांना अतिशय विषारी. एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो, म्हणजे आपणच ते विष टाकीत फुंकतो. आमच्या भागात पावसाळ्याच्या तोंडावर हिवतापासाठी घरोघर भिंतींवर फवारणी होते. ती गरजेची आहे, नाकारू नका. त्या दिवशी टाकी ओल्या चादरीने झाका, एअर पंप बंद करून पाण्यातला पावरहेड चालू ठेवा, खोली वाऱ्यावर सोडा आणि चार-सहा तासांनी पंप लावा.

ब्लीचिंग पावडर. पाऊस सुरू झाला की गावच्या विहिरींत टीसीएल पडते. ते क्लोरीन कल्ले जाळतं. अँटी-क्लोरीनचे थेंब त्यावर पुरतात.

हाताला लावलेलं क्रीम, सॅनिटायझर, डासांचा मलम. टाकीत हात घालण्याआधी साध्या पाण्याने कोपरापर्यंत धुवा. गंजलेला चुंबक, फुटलेला हीटर, पावरहेडचा झिजलेला दांडा, वाळूत पडलेलं नाणं. फोनचा टॉर्च लावून सगळ्या फटींत बघा. आणि तांबं: तांब्याचा पाईप, पितळी नळ, तांब्याचा हंडा.

अर्ध्या तासाने त्याने एक फोटो पाठवला. १६ एप्रिल. आत्याच्या वाढदिवसाचा सेल्फी, मागे भिंतीवर नवीन वॉटर प्युरिफायर.

झालं असं होतं. दरवर्षीप्रमाणे विहीर तळाला गेली आणि टँकर सुरू झाला. मोखाडा तालुक्यात पाऊस धो धो, वैतरणेवरची धरणं याच पट्ट्यात, मध्य वैतरणेचं तर याच तालुक्यात, त्यांचं पाणी जातं मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये इथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. हे आता बातमीतही कोणाला नवं वाटत नाही. टँकरचं गढूळ पाणी प्यायला नको म्हणून घरात आरओ घेतला. साहजिक निर्णय. आणि घरात आरओ आलाच आहे तर टाकीसाठी दुसऱ्या गावाहून कॅन कशाला आणायचे, तेच पाणी टाकीला. हेही साहजिक. टीडीएस उत्तम.

फक्त तो "कॉपर" वाला आरओ होता.

तांब्याचं गणित

आपल्याकडे तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं मानतात, म्हणून अनेक कंपन्यांच्या प्युरिफायरमध्ये मेम्ब्रेननंतर एक तांब्याचं कार्ट्रिज असतं. गाळून शुद्ध झालेल्या पाण्यात ते पुन्हा थोडं तांबं सोडतं. पिण्यासाठी त्यात धोका नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम तांबं ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं.

आता टाकी बघा. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं, म्हणून आपण वरून मीठ न घातलेलं पाणी भरतो. पण तांबंही मागेच राहतं. मे महिन्यात, पाणी थंड ठेवायला टाकीवर पंखा लावलेला, रोज तीन लिटर पाणी उडत होतं. समजा प्युरिफायरच्या पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम तांबं आहे. रोज दीड मिलिग्रॅम टाकीत शिरलं. दगड-वाळू वजा जाता टाकीतलं खरं पाणी १५० लिटर. म्हणजे रोज ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर वाढ. पंचवीस दिवसांत ०.२५. माशांचा परजीवी मारायला औषध म्हणून जे तांबं वापरतात त्याची नेहमीची पातळी ०.१५ ते ०.२० असते. म्हणजे हा पठ्ठ्या नकळत पूर्ण टाकीला औषधाच्या वर डोस देत होता, आणि दर आठवड्याला पाणी बदलायचं तेही त्याच पाण्याने, त्यामुळे पाणी बदलून फरक पडत नव्हता.

टीडीएस मीटरला हे का दिसलं नाही? तो सगळ्या क्षारांची मिळून वाहकता मोजतो आणि पूर्णांकात आकडा देतो. ४५ मधला अर्धा कोणाचा, हे त्याला सांगता येत नाही. कमी टीडीएस म्हणजे सुरक्षित पाणी, हा समज इथे गळ्याशी आला.

कोळंबी आधी का? गंमत म्हणजे कोळंबीच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्यच तांब्याचं असतं. आपल्यात लोह, तिच्यात तांबं. तरी पाण्यातलं मोकळं तांबं तिच्या कल्ल्यांना माशाच्या मानाने कितीतरी कमी मात्रेत मारतं. म्हणून तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालायचं नाही. एकदा घातलं की दगड आणि वाळू ते धरून ठेवतात आणि महिनोन् महिने सोडत राहतात.

हा सगळा तर्कच होता, सिद्ध व्हायला तांब्याचं टेस्ट किट हवं. ऑनलाईन मागवलं. खोडाळ्याला कुरियर आपल्या सवडीने येतं, आठ दिवस गेले. तेवढे दिवस थांबायची गरज नव्हती. घोटीहून वीस लिटरचे सीलबंद जार आणले आणि प्युरिफायरचं पाणी त्याच दिवशी बंद केलं. किट आलं तेव्हा तीन बाटल्या तपासल्या: सीलबंद जार, प्युरिफायर, आणि डॅमसेल मेला त्या दिवशी भरून ठेवलेलं टाकीचं पाणी. जार रंगहीन. बाकी दोन्ही नळ्यांत रंग. टाकीचा रंग ०.२५ च्या खुणेजवळ. ती अर्ध्या लिटरची बाटली भरली नसती तर हे कधीच कळलं नसतं, कारण तोवर टाकीतलं निम्मं पाणी बदलून झालं होतं.

विष सापडल्यावर

एकदम सगळं पाणी बदलू नका. माशांना तो धक्काही झेपत नाही. दर दोन दिवसांनी वीस टक्के, त्याच तापमानाचं, त्याच क्षारतेचं, बिनतांब्याचं पाणी. फिल्टरमध्ये ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन घाला. तो कीटकनाशकं आणि सेंद्रिय विषं चांगली ओढतो, तांबं मात्र थोडंच. धातू ओढणारे खास रेझिन पॅड मिळतात, तांब्यासाठी ते घ्या. काही पॅडचा रंग तांबं धरलं की बदलतो, रोज फोटो काढत राहा.

आरओ फेकायची गरज नाही. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेननंतर पण तांब्याच्या आणि मिनरलच्या कार्ट्रिजआधी एक टी जोडून घ्या, टाकीची नळी तिथून काढा. टीडीएस अॅडजस्टर असेल तर त्याच्याही आधी, कारण तो गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळतो. आत्याच्या घरी हे काम अर्ध्या तासात झालं. प्यायच्या पाण्याला काही धक्का नाही.

कल्ल्यांची मोजणी इथे फार उपयोगी पडली. धडधाकट असताना मोठ्या क्लाऊनफिशची उघडझाप मिनिटाला सत्तरच्या आसपास होती. मी पहिला व्हिडिओ मागवला तेव्हा एकशे दहाच्या वर. तिसऱ्या पाणीबदलानंतर शंभर, मग नव्वद. छोटा क्लाऊनफिश चौथ्या दिवशी गेला. त्याने खाणं आधीच सोडलं होतं. मोठी मादी राहिली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा काचेशी येऊन खाणं मागायला लागली.

पुन्हा मासे आणायचे तेव्हा

घाई नको. तांब्याची चाचणी तीन आठवडे सलग शून्य आली तरी आधी एक गोगलगाय सोडा, कोळंबी त्यानंतर महिन्याने. तिच्याइतकं संवेदनशील किट बाजारात मिळत नाही, आणि हे वाक्य लिहिताना मलाही बरं वाटत नाही, म्हणून तर आधी शून्य तीनदा बघायचं.

क्लाऊनफिश घ्याल तर टाकीत पैदास केलेलेच मागा. समुद्रातून पकडलेल्या माशांत वाहतुकीचा ताण, परजीवी आणि काही देशांत पकडताना वापरलेलं सायनाईड, या तिन्हींचा हिशेब नंतर आपल्या टाकीत चुकता होतो. असा मासा दोन-तीन आठवडे नीट खातो आणि अचानक मरतो, आणि आपण पाण्याला दोष देतो. क्लाऊनफिशची पैदास आता आपल्याकडेही होते. नवी मुंबईत ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी आहे.

जिवंत दगडी प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी कोणी "स्वस्तात" देत असेल तर फोन ठेवून द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हे जीव संरक्षित आहेत. ते विकणं गुन्हा आहे आणि बाळगणंही. चिनीमातीचे किंवा कोरडे चुनखडीचे दगड टाकून जिवाणू वाढवता येतात, फक्त वेळ लागतो.

आणि नवा मासा आला की वेगळी, साध्या चाळीस लिटरच्या टाकीत किमान चार आठवडे. वाळू नाही, दगड नाही, एक स्पंज फिल्टर आणि लपायला पाईपचा तुकडा. त्या टाकीचं जाळं, बादली, नळी वेगळी ठेवा आणि त्यावर परमनंट मार्करने खूण करा. आतेभावाने लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलीय. दुकानात तीच मुबलक असते.